पांढरी, छोटी, मधे रेघ असलेली

रात्री सव्वादोनला फोन.
स्वयंसेवकांच्या यादीत तुमचं नाव आहे, येऊ शकाल का,
खाटा आहेत, चहा आहे,
औषधांतलं कळणारं कुणी नाही.
मी स्वेटरवर स्वेटर चढवला.
नवरा झोपेतच म्हणाला, मोज्यांचे दोन जोड घे.
छत्तीस वर्षांत आम्ही शिकलोय
कुठल्या वेळी किती बोलायचं.

पुलावर गाडी थांबवली क्षणभर.
माणसाला पाण्यात पाहणं म्हणजे काय
ते भाषेनं लहानपणीच शिकवलं होतं.
गाव पाण्यात पाहणं निराळं.
त्यात कुणाचा राग कुणावर, कळत नाही.
कार्लाइलच्या या नदीचं नाव ईडन,
बायबलातल्या बागेचं,
आणि ती लोकांच्या स्वयंपाकघरांत शिरून
फ्रिज आडवे करत होती.

क्रीडासंकुलात बॅडमिंटनच्या रेघांवर खाटा.
मला हिरवं जाकीट मिळालं, मापापेक्षा मोठं,
खिशात आधीच्या कुणाची तरी खोकल्याची गोळी.
बिल्ल्यावर लिहिलं: वैज.
वैजयंती त्यात मावली नाही.

तीन शनिवार शिकवलं होतं आम्हाला:
आधी नाव विचारा.
हात धरण्याआधी विचारा.
वचन देऊ नका.
‘होईल सगळं नीट’ म्हणायची सवय असलेली जीभ
मी दातांखाली धरून बसले.

कोणती गोळी घेता?
पांढरी.
छोटी?
छोटी. मधे रेघ.
अर्ध्या जगाच्या गोळ्या पांढऱ्या, छोट्या, मधे रेघ असलेल्या.
एकतीस वर्षं काउंटरमागे हेच केलं मी,
विचारत राहायचं:
सकाळी की रात्री? जेवणाआधी?
नाही घेतली तर काय होतं?
नाही घेतली तर बायको ओरडते, म्हणाला एक.
बायको शेजारीच, ओला बूट हातात.
आधी हसली नाही. मग हसली.

चारच्या सुमारास मिस्टर बर्केट आले, वय ब्याऐंशी.
घरातून काय आणलंत?
ब्रेडच्या पिशवीतून त्यांनी गोळ्यांचा डबा काढला,
सात वारांचे सात कप्पे,
पुरात एक थेंब न लागलेला.
झाकणावर नाव: डोरीन.

या तुमच्या नाहीत.
नाहीत.
डोरीन कुठे आहेत?
मार्चपासून नाही, ते म्हणाले,
जशी ती बाजारात गेली असावी.
गुरुवारपर्यंतचे कप्पे रिकामे.
शुक्रवार भरलेला.

स्वतःची हृदयाची गोळी ते घरी विसरले होते.

नियम मला पाठ आहे. गेलेल्या माणसाची औषधं
परत घ्यायची, नष्ट करायची.
पिशव्याच्या पिशव्या घेतल्यात मी अशा,
‘धन्यवाद’ म्हणून, पुढच्याचं नाव पुकारत.
त्या रात्री मी चिकटपट्टी आणली,
डब्याला दोन वेढे दिले.
उघडायचा नाही हं, म्हटलं.
उघडलेला नाहीच मार्चपासून, ते म्हणाले.
वहीत सामानाच्या रकान्यात लिहिलं:
डबा, एक. कोरडा.

मग फोन. त्यांच्या डॉक्टरचा बंद,
पेनरिथच्या फार्मसीचा वाजत राहिला,
शेवटी झोपाळलेल्या आवाजाचा एक पोरगा,
मी त्याला डोस सांगितला, त्याने मला,
दोघांनी पुन्हा ताडून पाहिला.

साडेसहाला कुणी डोंगरी रस्त्यानं वळसा घालून
कागदी पिशवी आणून दिली.
बाहेर उजाडलेलं नव्हतं, नुसतं कमी काळं होतं.
मी पाण्याचा ग्लास पुढे केला,
गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

ही नाही, ते म्हणाले.
माझ्या गोळीवर रेघ असते.

उलटी करून बघा.

त्यांनी चष्मा शोधला,
आधी या खिशात, मग त्या,
मग बोटानं ती हळूच उलटी केली.